आधी वार्लपिरी, मग इंग्रजी: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांची शाळा कुणी ठरवायची?

2008च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच सबंध देशात एकसारखी परीक्षा झाली. तिचं नाव नॅप्लॅन. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांनी आपापल्या इयत्तेचा तोच पेपर सोडवायचा, मग मूल सिडनीच्या उपनगरातलं असो की वाळवंटाच्या कडेला वसलेल्या लजामानूतलं. पेपर अर्थातच इंग्रजीत. निकालात नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश तळाला गेला, आणि त्या प्रदेशातही सगळ्यात खाली राहिल्या दूरवरच्या आदिवासी गावांतल्या शाळा. 14 ऑक्टोबरला तिथल्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगर यांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक शाळेत रोजचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकवलं जाईल.

बाहेरून पाहणाऱ्याला यात वावगं काही वाटणार नाही. मुलं इंग्रजीत मागे आहेत, तर इंग्रजीचे तास वाढवा. पण लजामानूसारख्या द्वैभाषिक शाळेत तिसरीपर्यंत इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवणं जेमतेम सुरू झालेलं असे, काही ठिकाणी तेही नसे. तोवर मूल वाचायला शिकायचं ते वार्लपिरीत, म्हणजे त्याच्या घरच्या भाषेत, आणि इंग्रजी फक्त ऐकायला-बोलायला. यात शाळेची हयगय नव्हती. अभ्यासक्रमच तसा आखलेला होता आणि त्याला त्याच खात्याची मान्यता होती. म्हणजे एका हाताने सांगायचं की इंग्रजी लिखाण चौथीच्या सुमाराला घ्या, आणि दुसऱ्या हाताने तिसरीतच इंग्रजी लिखाणाची परीक्षा घेऊन मुलांना नापास ठरवायचं.

या शाळांची गोष्ट बहुतेक वेळा 'मातृभाषा की इंग्रजी' अशा भांडणाच्या रूपात सांगितली जाते. ती तशी ऐकली तर अर्धीच कळते. पन्नास वर्षांत तिथे इंग्रजी नको असं जवळपास कुणीच म्हटलेलं नाही. भांडण आहे ते निर्णय कुणाचा यावर: गावाचा, की हजार किलोमीटरवरच्या, प्रदेशाची राजधानी असलेल्या डार्विनमधल्या सचिवालयाचा?

माणसं थोडी, भाषा पुष्कळ

नॉर्दर्न टेरिटरी आकाराने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठी आहे, आणि लोकसंख्या सुमारे अडीच लाख, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी तालुक्याएवढी. त्यातले साधारण तीस टक्के लोक ॲबोरिजिनल, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यातले बरेच जण पाचशे, हजार, दोन हजार वस्तीच्या गावांत राहतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला कच्च्या रस्त्याने काही तास सहज लागतात. उत्तरेकडे पावसाळ्यात तेही रस्ते बंद होतात.

1788मध्ये इंग्रज वस्ती करायला आले तेव्हा या खंडावर 250हून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. आज त्यांतल्या जेमतेम डझनभर भाषा अशा उरल्या आहेत की ज्या लहान मुलं घरात पहिली भाषा म्हणून शिकतात. वार्लपिरी, पिचान्चाचारा, तिवी, मुरिन-पाथा, बुरारा, प्रदेशाच्या ईशान्येकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू लोकांच्या बोली, ही त्यांतली काही. बोलणारे प्रत्येकी शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत. वार्लपिरीचे दोन-तीन हजार.

या भाषांचा एकमेकींशी आणि इंग्रजीशी काय मेळ आहे, हे मराठी माणसाला पटकन कळण्यासारखं आहे. वार्लपिरीत स्वर तीनच मुख्य: अ, इ, उ. 'प' आणि 'ब' हे वेगळे वर्ण नाहीत, 'स' आणि 'फ' तर नाहीतच. उलट जीभ मागे वळवून काढायचे ट, ण, ळ हे तिथे रोजच्या बोलण्यातले आवाज आहेत, जे मेलबर्नहून आलेल्या शिक्षकाच्या कानाला 'त', 'न', 'ल'पेक्षा वेगळे ऐकूच येत नाहीत. आपल्याकडे वर्णमालेच्या तक्त्यावर ज्या 'ङ'समोर काय चित्र काढावं हा प्रश्न पडतो, तो आवाज या भाषांत शब्दाच्या सुरुवातीलासुद्धा येतो. आता असं मूल पाचव्या वर्षी शाळेत आलं आणि पहिल्याच दिवशी त्याला इंग्रजी 'पिग' आणि 'बिग' यांतला फरक अक्षरांनी ओळखायला सांगितला तर काय होईल? त्यात कान फुटण्याचे आजार दूरच्या वस्त्यांतल्या मुलांत फार आढळतात आणि त्याने ऐकू कमी येतं. ज्या भाषेतले शब्द ओळखीचे आहेत त्या भाषेत अर्धवट ऐकलेला शब्दही मूल अंदाजाने पुरा करतं. अनोळखी भाषेत तो अंदाजही चालत नाही.

जिना

1972पर्यंत या मुलांना शाळेत जवळजवळ सगळीकडे इंग्रजीच होती. अपवाद काही मिशन शाळांचा. हर्मन्सबर्गच्या ल्यूथरन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच अरंडा भाषा शिकून तिच्यात लिखाण केलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात अर्नाबेलाच्या शाळेत 1940पासून पिचान्चाचारातून शिकवत होते. बाकी अनेक ठिकाणी वसतिगृह, गणवेश, आणि आपली भाषा बोललं तर शिक्षा. मुलांना आईबापांपासून तोडून नेण्याच्या सरकारी धोरणाचा, ज्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी 13 फेब्रुवारी 2008ला संसदेत माफी मागितली, तो काळही हाच. आजच्या आजी-आजोबांच्या मनात 'शाळा' या गोष्टीबद्दल जी अढी आहे तिचं मूळ इथे आहे.

2 डिसेंबर 1972ला गॉफ व्हिटलम यांचा मजूर पक्ष निवडून आला आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांनी जाहीर केलं की आदिवासी वस्त्यांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषांतून मिळेल. इतकं झटपट करता आलं याचं एक रुक्ष कारण आहे. नॉर्दर्न टेरिटरीला तेव्हा स्वतःचं सरकार नव्हतं. ती थेट कॅनबेराहून चालत होती. 1978मध्ये तिला स्वशासन मिळालं आणि शाळांची सूत्रं डार्विनला गेली. पुढच्या धरसोडीचं बरचसं स्पष्टीकरण या एका तारखेत आहे.

1973ला पहिल्या काही शाळांत प्रयोग सुरू झाला आणि ऐन भरात असताना वीसहून अधिक शाळा त्यात होत्या. पद्धतीला तिथे 'जिना' म्हणतात, कारण आकृती काढली तर ती पायऱ्यांसारखी दिसते. बालवर्गात आणि पहिलीत बहुतेक सगळं स्वभाषेतून: वाचन, लेखन, मोजणी, भोवतालचं ज्ञान. इंग्रजी थोडी, आणि तोंडी. दरवर्षी इंग्रजीचा वाटा एकेक पायरी वाढतो. चौथीच्या आसपास इंग्रजी लिहायला-वाचायला सुरुवात. सहावी-सातवीपर्यंत बहुतेक विषय इंग्रजीतून आणि स्वभाषा एक विषय म्हणून शिल्लक.

यामागचा तर्क असा की वाचायला माणूस एकदाच शिकतो. कागदावरच्या खुणा म्हणजे आवाज, त्या आवाजांचे शब्द, शब्दांतून अर्थ, ही किल्ली एकदा सापडली की दुसऱ्या भाषेत फक्त नव्या खुणा आणि नवे शब्द शिकावे लागतात. महाराष्ट्रात 2000पर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होती. त्या पिढीतल्या कुणाला विचारा: ए-बी-सी-डी काही आठवड्यांत आली, कारण वाचणं म्हणजे काय हे आधीच ठाऊक होतं. अडलं ते इंग्रजी शब्द ठाऊक नव्हते म्हणून. योल्ङू मुलाचंही तसंच, फक्त त्याच्या गावात इंग्रजी पाट्या, इंग्रजी वर्तमानपत्र, इंग्रजी बोलणारे शेजारी, यांतलं फारसं काही नाही. त्याच्यासाठी इंग्रजी व्यवहारात परदेशी भाषाच.

तर्क ठीक, पण निकाल? आर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळच्या मिलिंगिम्बी बेटावरच्या शाळेत याची बऱ्यापैकी नीट तुलना झाली. तिथे द्वैभाषिक वर्ग सुरू होण्याआधीच्या, फक्त इंग्रजीतून शिकलेल्या मुलांचे गुण उपलब्ध होते. त्यांच्यासमोर नव्या पद्धतीतल्या मुलांचे ठेवले. 1981मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की प्राथमिकच्या शेवटच्या वर्षांपर्यंत पोचलेली द्वैभाषिक मुलं बहुतेक चाचण्यांत पुढे होती, आणि त्यात इंग्रजीही आलं. गंमत म्हणजे खालच्या वर्गांत हा फायदा दिसत नाही. तो दिसायला पाच-सहा वर्षं लागतात. विधानसभेची मुदत असते चार वर्षांची.

वर्गात दोन शिक्षक, मागच्या खोलीत छापखाना

जिन्याची आकृती काढणं सोपं. तो चालवायला काय लागतं ते पाहण्यासारखं आहे. एका वर्गात दोन शिक्षक. एक गावातली बाई, जिची ही भाषा आहे. दुसरा किंवा दुसरी बाहेरून आलेली, इंग्रजीसाठी. दोघांनी मिळून धडा आखायचा. बाहेरचे शिक्षक वर्ष-दोन वर्षांत बदली घेऊन जातात, गावातली बाई वीस वर्षं तिथेच असते आणि तरी कागदोपत्री बरेचदा तीच 'सहायक'.

शाळेत एक भाषातज्ज्ञ शिक्षक, जो व्याकरण आणि शुद्धलेखनाचे प्रश्न हाताळेल आणि बाहेरच्या शिक्षकांना तयार करेल. आणि पुस्तकांसाठी एक स्वतंत्र खोली, कारण वार्लपिरीतलं बालवाङ्मय कुठल्या दुकानात मिळणार? म्हातारी माणसं गोष्ट सांगायची, गावातले लेखनिक ती उतरवून घ्यायचे, कुणी चित्रं काढायचं आणि शाळेच्या मागे बसवलेल्या यंत्रावर पन्नास-शंभर प्रती निघायच्या. शिकारीच्या गोष्टी, घोरपडी पकडण्याचे किस्से, मिशनच्या काळातल्या आठवणी, पिनांनी टाचलेली पातळ पुस्तकं. अशी हजारो पुस्तकं तयार झाली. कार्यक्रम बंद पडू लागले तेव्हा ती खोक्यांत भरून राहिली, काही वाळवीने खाल्ली. 2012पासून डार्विनच्या विद्यापीठाने ती शोधून, स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायला घेतली. काही भाषांच्या बाबतीत हाच त्यांचा सगळ्यात मोठा छापील साठा आहे.

या पुस्तकांबाबत एक अडचण बाहेरच्या माणसाला सुचणारही नाही. अनेक आदिवासी समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो समोर आणायचा नाही. त्यामुळे गोष्ट सांगणाऱ्या आजी वारल्या की ते पुस्तक वर्गातून उचलून ठेवावं लागतं. वाचनालयाची यादी गावातल्या मयतांप्रमाणे बदलते. हे डार्विनमधल्या पुस्तक-खरेदीच्या नियमांत बसवणार कसं?

'आमची भाषा वर्गात आली, आम्ही कुठे?'

दहा-बारा वर्षांत आदिवासी शिक्षकांच्या लक्षात आलं की भाषा आपली असली तरी धडे बाहेरचेच आहेत. तीच गणितं, तेच तासांचे ठोकळे, फक्त शब्द योल्ङू. ही जाणीव सगळ्यात ठळक झाली ती आर्नहेम लँडमधल्या यिर्कला या योल्ङू गावात. हे गाव आधीपासूनच कडवं. 1963मध्ये खाणीसाठी आपली जमीन परस्पर दिली गेली म्हणून इथल्या वडीलधाऱ्यांनी झाडाच्या सालीवर चित्रं काढून त्यावर चिकटवलेले अर्ज थेट संसदेला पाठवले होते, योल्ङू आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत.

1990मध्ये यिर्कलाच्या शाळेला पहिले योल्ङू मुख्याध्यापक मिळाले: डॉ. एम. यूनुपिंगू. (2013मध्ये ते गेल्यावर त्यांचं पहिलं नाव घेऊ नये अशी कुटुंबाची इच्छा होती, म्हणून आद्याक्षर.) जग त्यांना 'योथू यिंडी' या बँडचे गायक म्हणून ओळखतं, 1992चे 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' म्हणूनही. गावासाठी ते आधी मास्तर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भाषातज्ज्ञ रायमट्जा मारिका होत्या, शाळेचा विचारच नव्याने मांडला. खाडीत गोडं पाणी आणि खारं पाणी भेटतं, फेस येतो, पण दोन्ही आपापलं बळ घेऊन येतात. योल्ङू ज्ञान आणि गोऱ्यांचं ज्ञान वर्गात तसं भेटावं, असं त्यांचं म्हणणं. यातून 'दोन्ही बाजूंनी शिकणं' हे नाव पडलं.

हे ऐकायला काव्यमय वाटतं, पण त्यांनी ते गणितापर्यंत नेलं, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत विलक्षण वाटतं. योल्ङू समाजात प्रत्येक माणूस, प्रत्येक प्राणी, प्रत्येक जागा दोन अर्ध्यांपैकी एकात मोडते: धुवा किंवा यिरिट्जा. लग्न नेहमी समोरच्या अर्ध्यात. त्यामुळे कोण कुणाचं काय लागतं याची एक पक्की, चक्राकार फिरणारी मांडणी तयार होते आणि पाच वर्षांचं मूल तीत सहज वावरतं. यिर्कलाच्या शिक्षकांनी म्हटलं: युरोपीय गणित संख्यांच्या क्रमाने जग लावतं, आमचं गणित नात्यांच्या क्रमाने. मग नाती आणि संख्या, जमिनीवरच्या जागा आणि नकाशे, यांचे धडे शेजारी-शेजारी ठेवले. वर्ग उठून समुद्रकाठी जाई, वडीलधारी मंडळी शिकवत आणि परत आल्यावर त्यावर लिखाण होई. कोणता विषय कुणी शिकवायचा हे ठरवण्याचा अधिकारही वडीलधाऱ्यांचा, कारण तिथे ज्ञान हे कुळाच्या मालकीचं असतं. कुठलीही गोष्ट कुणीही सांगितलेली चालत नाही.

परवानगी न मागता उघडलेल्या शाळा

वर सांगितल्या त्या सरकारी शाळा. काही समाजांनी सरकारची वाटच पाहिली नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात 1 मे 1946ला मेंढपाळीच्या मळ्यांवरचे शेकडो आदिवासी मजूर काम सोडून निघून गेले. नीट पगार मिळत नव्हता, आणि मळा सोडायलाही परवानगी लागत असे. तो संप 1949पर्यंत चालला. संपकऱ्यांतले बरेच जण मळ्यांवर परतले नाहीत. त्यांनी खनिज वेचून पोट भरलं. खनिजमिश्रित माती लांबट ताटात झुलवून जड कण वेगळे करायची त्यांच्या बायकांची कला आपल्याकडच्या सुपात पाखडण्यासारखीच. याच लोकांनी पुढे मळे विकत घेतले आणि 1976मध्ये स्ट्रेली इथे स्वतःची शाळा काढली, न्यांगुमार्ता भाषेत शिकवणारी. समाजाने स्वतः चालवलेल्या, सरकारपासून स्वतंत्र अशा तिथल्या पहिल्या शाळांत तिची गणना होते. ज्यांनी आपल्या श्रमाची किंमत स्वतः ठरवली त्यांनी मुलांची शाळाही स्वतः ठरवावी, यात नवल नाही.

ॲलिस स्प्रिंग्ज या शहरात वेगळी स्थिती. शहराच्या कडेला आदिवासींच्या वस्त्या, एका वस्तीत अनेक भाषा, आणि शहरातल्या शाळांत मुलं टिकत नव्हती. 1978मध्ये पालकांनी आणि वडीलधाऱ्यांनी वस्त्यांमध्येच वर्ग भरवायला सुरुवात केली. ही यिपिरिन्या शाळा. तिला मान्यता द्यायला सरकार तयार नव्हतं. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि 1983मध्ये मान्यता मिळाली. शाळा आजही आहे आणि एका छपराखाली दोन अरंडा बोली, लुरिचा आणि वार्लपिरी अशा भाषा सांभाळते.

हे वाचताना गडचिरोली आठवल्याशिवाय राहत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि काही वर्षांत तिला मान्यता नसल्याबद्दल शिक्षण खात्याची नोटीस आली; वाद न्यायालयात गेला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातच 'शक्य तोवर मातृभाषेतून' असं लिहिलेलं आहे. ते 'शक्य' कुणी ठरवायचं, हा मुद्दा तिथेही तोच.

डार्विनचे हेलकावे

1 डिसेंबर 1998ला नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने द्वैभाषिक कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. पैसा वाचेल, तो इंग्रजीवर लावू. गावागावांतून विरोध झाला, चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर कार्यक्रम नाव बदलून तगला: 'द्वैभाषिक'ऐवजी 'दुहेरी शिक्षण'. 2005च्या सुमारास दुसऱ्या सरकारने पुन्हा पाठिंबा दिला. 2008ला पुन्हा तो चार तासांचा आदेश. तेव्हा अशा शाळा दहाच्या आसपासच उरल्या होत्या, म्हणजे नॅप्लॅनमध्ये तळाला गेलेल्या बहुसंख्य आदिवासी शाळा आधीपासूनच फक्त इंग्रजीतून शिकवत होत्या! नापास झाल्या दोन्ही प्रकारच्या शाळा, दोषी ठरली एक.

पुढच्या वर्षी लजामानूसारख्या गावांत हजेरी घसरली. यिर्कलाने आदेश शक्य तितका धुडकावला. काही वर्षांत बंधन गाजावाजा न करता सैल झालं, पण तोवर भाषातज्ज्ञांच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या, छापखाने थंडावले होते. अशी यंत्रणा मोडायला एक आदेश पुरतो, उभारायला पंधरा वर्षं लागतात.

मात्र दुसरी बाजू पोकळ आहे असं नाही. स्क्रिमगर स्वतः आदिवासी आहेत, तिवी वंशाच्या. क्वीन्सलंडच्या केप यॉर्क भागातले विचारवंत-नेते नोएल पिअर्सन हेही आदिवासीच, आणि त्यांच्या संस्थेने 2010पासून तिथल्या काही शाळांत मुख्य वर्ग काटेकोर इंग्रजीतून घेतला, भाषा-संस्कृतीला वेगळा वेळ दिला. अनेक पालकही म्हणतात: आमची भाषा आम्ही घरी शिकवतो, तुम्ही इंग्रजी शिकवा, दवाखान्यात आणि कोर्टात ती लागते. हे म्हणणं चुकीचं नाही. फक्त, जिन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही तीच इंग्रजी हवी आहे. वाद तिथे पोचण्याच्या वाटेचा आहे. आणि काही द्वैभाषिक शाळा खरोखरच वाईट चालत होत्या: एक शिक्षक सुट्टीवर, दुसरा नवखा, पुस्तकं जुनी. कार्यक्रमाचं नाव असून कार्यक्रम नसणं, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आणखी एक गुंता: मातृभाषा म्हणजे नेमकी कोणती? लजामानूतली आजची मुलं आपसांत बोलतात ती आजोबांची वार्लपिरी नाही. वार्लपिरी, इंग्रजी आणि क्रिओल (इंग्रजी शब्दांवर उभी राहिलेली तिथल्या आदिवासींची संपर्कभाषा) यांच्या मिश्रणातून 1980च्या दशकापासून तिथे एक नवीनच बोली तयार झाली आहे. यिर्कलालाही मुलांनी वेगवेगळ्या कुळांच्या बोली मिसळून धुवाया ही सामाईक बोली घडवली, आणि शाळेत सुरुवातीला वापरलेल्या गुमाट्ज या कुळाच्या बोलीऐवजी तीच आणावी का यावर बरीच चर्चा होऊन शेवटी ती आली. वडीलधाऱ्यांना कुळाची शुद्ध बोली हवी असते, शिक्षणशास्त्र म्हणतं मुलाच्या तोंडची घ्या. यावर कुठल्या तज्ज्ञाने निकाल द्यावा असं मला वाटत नाही. तो गावानेच द्यायचा.

खाणीचा पैसा

वार्लपिरी लोकांनी काढलेली वाट मला सगळ्यात टिकाऊ वाटते. तानामी वाळवंटात त्यांच्या जमिनीवर सोन्याची खाण आहे. 1976च्या जमीन हक्क कायद्यामुळे खाणीच्या उत्पन्नातला हिस्सा त्यांना मिळतो. 2005मध्ये, मुख्यतः वार्लपिरी शिक्षिकांच्या आग्रहाने, या पैशातून एक शिक्षण न्यास उभा राहिला. युएन्डुमू, लजामानू, विलोरा आणि न्यिर्पी या चार गावांसाठी. पैसा कशावर खर्च करायचा हे वार्लपिरी लोकच ठरवतात: पुस्तकं छापणं, वडीलधाऱ्यांबरोबर मुलांना रानात न्यायच्या सहली, बालवाडी, तरुणांचं प्रशिक्षण. चारही गावांतल्या शिक्षिका दरवर्षी एकत्र जमतात आणि बारा विषयांच्या तीन वर्षं चालणाऱ्या चक्राप्रमाणे धडे आखतात, जमीन, नाती, प्राणी, औषधी वनस्पती असे. 2008चा आदेश आला तेव्हा या बैठका थांबल्या नाहीत. सरकारी पगार सरकार रोखू शकतं, हा पैसा नाही.

यिर्कलाने सरकारी शाळेतच टिकून आपली वाट पुढे नेली. 2020मध्ये तिथले आठ योल्ङू विद्यार्थी बारावी होऊन विद्यापीठ प्रवेशाचे गुण मिळवणारे त्या गावातले पहिले ठरले. दोन्ही भाषांत शिकलेले.

दक्षिणेकडे प्रश्न उलटा आहे. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर कॉफ्स हार्बरला 2022मध्ये गुंबैंगीर समाजाने त्या राज्यातली पहिली द्वैभाषिक आदिवासी शाळा उघडली. तिथली मुलं घरून इंग्रजीच घेऊन येतात आणि शाळेत गुंबैंगीर शिकतात, कारण ती घराघरांतून जवळजवळ गेलेली होती. जिना तोच, चढायचा दुसऱ्या टोकाकडून. अशा शाळेचं मोजमाप यिर्कलाच्या पट्टीने करता येणार नाही.

आता अडलं आहे ते शिक्षकांपाशी. 1980च्या दशकात डार्विनच्या दक्षिणेला असलेल्या बॅचलर महाविद्यालयाने आदिवासी शिक्षकांना त्यांच्याच गावात राहून पदविका मिळवण्याची सोय केली होती. प्राध्यापक गावात येत, शिक्षिका दुपारी अभ्यास करत, सकाळी वर्ग घेत. यूनुपिंगूंसारखे मुख्याध्यापक त्याच काळाने दिले. ती सोय आटत गेली, पदवीच्या अटी वाढत गेल्या, आणि चार-चार वर्षं शहरात जाऊन राहणं घरदार असलेल्या बाईला जमत नाही. त्या पिढीतल्या शिक्षिका आता निवृत्त होत आहेत किंवा वारल्या आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुणींना भाषा येते, वर्ग सांभाळता येतो, पण नोंदणीकृत शिक्षक म्हणून पगार मिळत नाही. वार्लपिरी न्यासाचा बराच पैसा आणि वेळ सध्या याच तरुणींना तयार करण्यात जातो.